पहिला फेरा

मनुष्यानें घडविलेल्या यंत्रांत विमानाच्या एंजिनाइतकें बलाढ्य आणि त्याच वेळीं इतकें परावलंबी यंत्र क्वचितच सांपडेल. एकदां फिरूं लागलें म्हणजे तें शेंकडों मणांचा भार उचलतें, समुद्र ओलांडतें, ढगांच्याहि वर चढतें. परंतु स्वस्थ उभें असतां त्यास स्वतःच्या बळावर एक फेराहि घेतां येत नाहीं. तो पहिला फेरा त्यास दुसऱ्या कोणीतरी द्यावा लागतो. दही लावावयाचें तर आधीं थोडें दही हवें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. पेट्रोलच्या एंजिनाची गोष्ट अगदीं तशीच आहे. मात्र त्यास विरजण लागतें तें गतीचें.

ह्याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. वाफेच्या एंजिनांत शक्ति बाहेरच्या बंबांत अगोदरच सांठविलेली असते. झडप उघडली कीं वाफ दट्ट्यास ढकलते आणि चाक हलतें. पेट्रोलच्या एंजिनापाशीं असा सांठा नसतो. त्याच्या नळकांड्यांत दट्ट्या खालीं जातांना हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढलें जातें, वर येतांना तें दाबलें जातें, मग ठिणगी पडून भडका उडतो आणि त्या भडक्यानें दट्ट्या पुन्हां खालीं लोटला जातो. ओढणें आणि दाबणें हीं दोन कामें झाल्यावांचून भडका नाहीं; आणि चालत्या एंजिनांत हीं दोन कामें मागच्या भडक्याच्या जोरावर होतात. पहिल्या फेऱ्यास मागचा भडकाच नसतो. तेथें बाहेरचें बळ पाहिजे.

तें बळ कोणीं द्यावयाचें, कसें द्यावयाचें, आणि दिल्यानंतर त्यानें तत्काळ बाजूस कसें व्हावयाचें, ह्या तीन प्रश्नांभोंवतीं यंत्रविद्येचें एक लहानसें पण उद्बोधक प्रकरण गुंफलेलें आहे. उड्डाणाच्या इतिहासांत त्यास सहसा जागा मिळत नाहीं. वैमानिकांचीं नांवें शाळकरी मुलांसहि पाठ असतात; पंख्यापाशीं उभ्या राहणाऱ्या माणसाचें नांव कोणी लिहून ठेवीत नाहीं. परंतु ह्या पहिल्या फेऱ्याची किंमत कित्येकांनीं आपल्या हातानें, कधीं कधीं तर प्राणानें, दिलेली आहे.

विमानाचा जन्मच मुळीं ह्या परावलंबनांत झाला. १७ डिसेंबर १९०३ रोजीं अमेरिकेंतील किटी हॉक गांवाजवळच्या वाळूच्या मैदानावर ऑर्व्हिल राइट यानें १२ सेकंदांचें व १२० फुटांचें तें सुप्रसिद्ध उड्डाण केलें. त्या विमानाचें एंजिन राइट बंधूंच्या सायकलींच्या दुकानांतील कारागीर चार्लस टेलर यानें अवघ्या सहा आठवड्यांत घडविलें होतें. त्यास चार नळकांडीं होतीं आणि त्याची शक्ति सुमारें बारा घोड्यांची होती. विमानावर शेरभर वजनहि वाढूं नये अशी बंधूंची दक्षता असल्यामुळें आरंभीची ठिणगी देणारी बॅटरीची पेटी जमिनीवरच ठेवलेली असे. दोन बाजूंचे दोन पंखे माणसांनीं हातांनीं फिरवावयाचे, एंजिन चालूं झालें कीं ती पेटी सोडवून घ्यावयाची, आणि मग विमानानें निघावयाचें, असा क्रम होता. मनुष्याच्या पहिल्या उड्डाणास पहिला धक्का मनुष्याच्या हातानेंच दिला.

पुढें कित्येक वर्षें हीच रीत सर्वत्र चालली. चाकांखालीं ठोकळे लावीत. वैमानिक आपल्या जागीं बसे. पंख्यापाशीं उभा असलेला मनुष्य मोठ्यानें विचारी, "स्विच बंद?" वैमानिक तेच शब्द उलट उच्चारी. मग पंखा दोनचार वेळां हळूहळू फिरवून नळकांड्यांत पेट्रोल ओढून घेत. त्यानंतर "कॉन्टॅक्ट" असा पुकारा होई, वैमानिक तोच शब्द परत देई व स्विच चालूं करी. आणि खालचा मनुष्य पंख्याचें पातें दोन्ही हातांनीं खालीं ओढून त्याच झोंकांत मागें सरे. प्रत्येक शब्द दोनदां उच्चारण्याची ही पद्धत दिसण्यांत औपचारिक असली तरी तिच्या मागें अनुभव होता. एंजिन धरलें कीं डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच लांकडाचें तें पातें तलवारीसारखें फिरूं लागे. पाय घसरला, सदऱ्याची बाही सैल असली, अथवा बोटें पात्याच्या कडेवर गुंडाळलेलीं राहिलीं, तर दुसरी संधि मिळत नसे.

ह्या धोक्यांत भर घालणारी एक गोष्ट डोळ्यांस दिसत नाहीं. विमानाच्या एंजिनास ठिणगी देतो तो मॅग्नेटो. मॅग्नेटो म्हणजे लोहचुंबकाच्या योगानें स्वतःच वीज उत्पन्न करणारें लहानसें यंत्र. त्यास बॅटरी लागत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. कारण बॅटरी संपली तरी आकाशांत एंजिन बंद पडत नाहीं. परंतु त्यास बंद करण्याची रीत मोठी विलक्षण आहे. घरांतील दिवा मालवितांना आपण विजेची वाट तोडतों. मॅग्नेटो बंद करतांना त्याच्या विजेस वाट करून देतात. स्विच बंद केला कीं ती वीज एका तारेवाटें एंजिनाच्या धातूंत जिरून जाते. ही तार कोठें तुटली, तर स्विच बंद दिसतो आणि मॅग्नेटो मात्र जिवंत राहतो. मग कोणी पंखा सहज पुसावयास म्हणून हलविला तरी एंजिन धरूं शकतें. म्हणून जगांतील प्रत्येक विमानशाळेंत पहिल्या दिवशीं एकच धडा दिला जातो: पंखा नेहमीं जिवंतच समजावा.

आपल्याकडेहि उड्डाणाचा आरंभ ह्याच मार्गानें झाला. १९२८ च्या सुमारास मुंबई, दिल्ली, कराची येथें फ्लाइंग क्लब निघाले आणि 'मॉथ' जातीचीं लहान विमानें आलीं. जे. आर. डी. टाटा यांस भारतांतील पहिला वैमानिकाचा परवाना मिळाला तो १० फेब्रुवारी १९२९ रोजीं, मुंबईच्याच क्लबांत. पुढें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं त्यांनीं 'पस मॉथ' विमानांतून कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल आणलें, आणि भारतीय विमानसेवेचा पाया पडला. ह्या काळच्या मॉथ विमानांची रोजची सकाळ पंखा हातानें फिरविण्यापासूनच सुरू होई. जुहूच्या ओलसर मातींत पाय घट्ट रोवून पंख्यास झोंका देणाऱ्या त्या मदतनिसांचीं नांवें कोणत्याहि स्मारकावर कोरलेलीं नाहींत.

हातास मुक्त करण्याचा पहिला मोठा प्रयत्न पहिल्या महायुद्धाच्या काळांत झाला. एंजिनांची शक्ति शंभर, दोनशें, तीनशें घोड्यांपर्यंत चढत गेली तसा एका माणसाच्या दंडांतला जोर अपुरा पडूं लागला. तेव्हां दोघे-तिघे एकमेकांचे हात धरून सांखळी करीत आणि एकदम ओढीत. इंग्लंडांत आकाशांत कोलांटी घेणारा पहिला इंग्रज वैमानिक म्हणून १९१३ सालीं नांवारूपास आलेला बेंटफील्ड हक्स याच्या मनांत एक साधी कल्पना आली. मोटार आधींच चालूं असते. तिचीच गति विमानास उसनी कां देऊं नये? त्यानें फोर्ड मोटारीच्या सांगाड्यावर एक उंच चौकट उभारली. मोटारीच्या एंजिनाची गति सांखळीनें वरच्या एका लांब आंसास मिळे. त्या आंसाचें टोंक विमानाच्या पंख्याच्या तुंब्यांतील खांचेंत अडकवीत. मोटार जोरानें चालविली कीं पंखा फिरे. विमानाचें एंजिन धरलें कीं तें आंसापेक्षां वेगानें फिरूं लागे आणि खांचेच्या तिरप्या कडा आंसास आपोआप बाहेर ढकलून देत. मग मोटार मागें घ्यावयाची. हक्स १९१८ च्या नोव्हेंबरांत वारला. त्याची युक्ति मात्र पुष्कळ वर्षें टिकली. दुसऱ्या महायुद्धांत रशियन वायुदलाजवळहि ह्याच जातीच्या मोटारी होत्या.

हक्सच्या खांचेची ती तिरपी कड ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. गति देणें हें स्टार्टरचें अर्धेंच काम होय. काम होतांच सुटणें हें उरलेलें अर्धें, आणि तेंच अधिक कठीण.

ह्या दुसऱ्या अर्ध्याचें उत्तर विमानांत नव्हे, मोटारींत सांपडलें. मोटारीच्या पुढें वांकून हँडल मारणारे ड्रायव्हर जुन्या लोकांच्या स्मरणांत असतील. ठिणगी वेळेआधीं पडली तर एंजिन उलटा झटका देई आणि हँडल मनगटावर येई. अमेरिकेंत बायरन कार्टर नांवाच्या मोटारकारखानदाराविषयीं अशी हकीकत सांगतात कीं, वाटेंत अडलेल्या एका बाईची मोटार सुरू करून देतांना हँडल उलटून त्याच्या जबड्यास लागलें आणि त्या दुखापतींतून तो उठला नाहीं. कॅडिलॅक मोटारींचा कर्ता हेन्री लेलँड हा त्याचा मित्र. त्यास ही गोष्ट फार लागली, असें म्हणतात. हकीकतींतला तपशील कसाहि असो, लेलँडनें चार्लस केटरिंग याजकडे काम सोंपविलें, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारी विजेचा स्टार्टर घेऊन बाजारांत आल्या. केटरिंग डेटन गांवचा. राइट बंधूंचें गांवहि तेंच. पूर्वीं त्यानें दुकानांतील गल्ल्याच्या यंत्रास विजेची मोटर बसविली होती. तेथें त्यास एक मर्म उमगलें होतें: जी मोटर केवळ क्षणभर चालावयाची आहे, तिच्यावर तिच्या ताकदीपेक्षां कितीतरी अधिक भार टाकतां येतो, ती तापून जळण्यापूर्वींच काम झालेलें असतें.

आतां प्रश्न राहिला तो विजेची मोटर आणि एंजिन यांना जोडण्याचा व सोडण्याचा. मोटरीवर लहान दंतचक्र, म्हणजे पिनियन, असतें आणि एंजिनावर मोठें दंतचक्र. लहान चाक मोठ्यास फिरवितें तेव्हां जोर वाढतो. पण एंजिन धरल्यावर दोघांचे दांते अडकलेलेच राहिले, तर आतां मोठें चाक लहानास फिरवूं लागतें, आणि बिचारी मोटर दहा-पंधरा पट वेगानें फिरून फुटून जाते. व्हिन्सेंट बेंडिक्स ह्या स्वीडिश कुळांतल्या अमेरिकन तरुणानें ह्याची गांठ सोडविली. १८८१ सालीं तो मोलीन गांवीं जन्मला. मोटारी बांधण्याच्या धंद्यांत एकदां हात पोळून घेतल्यावर त्यानें आपली कल्पना न्यूयॉर्क संस्थानांतील एल्मायरा येथील एका कारखान्याकडे नेली. ह्या एक्लिप्स नांवाच्या कारखान्यांत सायकलींचे ब्रेक तयार होत. १९१४ पासून मोटारींत बेंडिक्सची योजना दिसूं लागली.

ती योजना समजून घेण्यास कारखान्यांत जाण्याची गरज नाहीं. एक लांब बोल्ट घ्यावा आणि त्याच्यावर सैल फिरणारा नट चढवावा. बोल्ट आडवा धरून एकदम झटक्यानें फिरविला, तर नट त्याच्याबरोबर तितक्या चपळाईनें फिरत नाहीं. जड वस्तूचा स्वभाव आळशी. ती आहे त्या स्थितींत राहूं पाहते. आंस फिरला, नट मागें राहिला, म्हणजे तो आट्यांवरून पुढें सरकणारच. बेंडिक्सनें पिनियनलाच असा नट बनविला. मोटरीच्या आंसावर मळसूत्राचे रुंद आटे पाडले, त्यांवर पिनियन सैल बसविलें आणि त्याच्या एका बाजूस थोडें वजन ठेवलें. कळ दाबतांच मोटर झटक्यानें फिरते. पिनियन आळसानें मागें राहून आट्यांवरून पुढें चालूं लागतें. त्याचे दांते एंजिनाच्या मोठ्या चाकांत शिरतात. टोंकास पोंचल्यावर त्यास पुढें जातां येत नाहीं, म्हणून तें आंसाबरोबर फिरतें आणि एंजिनास फिरवितें. ह्या धडकेचा आघात मोटरीवर येऊं नये म्हणून मध्यें एक जाड स्प्रिंग असते. एंजिन धरलें कीं मोठें चाक पिनियनास आंसाहून अधिक वेगानें फिरवितें, आणि तेंच पिनियन त्याच आट्यांवरून उलट चालत घरीं परततें. ओढावयास दोरी नको, सोडवावयास हात नको. जडाच्या आळसासच त्यानें कामास लाविलें. बेंडिक्स पुढें विमानांच्या धंद्यांत शिरला, १९२९ सालीं त्यानें बेंडिक्स एव्हिएशन कंपनी स्थापिली, आणि १९४५ सालीं तो वारला. मळसूत्रावरील ती पिनियन मात्र आजहि त्याच्याच नांवानें ओळखली जाते.

मोठ्या विमानांस एवढ्यानें भागेना. बॅटरी जड आणि एंजिनें अवाढव्य. तेव्हां फिरत्या चाकांत जोर सांठविण्याची युक्ति निघाली. मदतनीस हँडल फिरवी. दांतेचक्रांच्या मालिकेनें आंतलें लहानसें चाक मिनिटास दहा हजारांहून अधिक फेरे घेऊं लागे. त्याचा आवाज चढत चढत किंकाळीसारखा झाला म्हणजे वैमानिक एक कळ ओढी आणि चाकांत सांठलेला तो सर्व जोर एंजिनास क्षणांत मिळे. मध्यें चकत्यांची एक गांठ असे, ती ठराविक जोरापलीकडे मुद्दाम घसरे, म्हणजे एंजिनानें उलटा झटका दिला तरी कांहीं मोडत नसे. जर्मनीच्या मेसरश्मिट १०९ विमानाशेजारीं हँडल मारणारा सैनिक जुन्या छायाचित्रांतून दिसतो. भारतीय वायुसेनेच्या अनेक वैमानिकांनीं ज्या हार्वर्ड विमानावर धडे गिरविले, त्यांत हेंच चाक विजेनें फिरवीत: पायाखालची पट्टी एका अंगास दाबून चाकास वेग द्यावयाचा, दुसऱ्या अंगास दाबून तो एंजिनास जोडावयाचा.

कॉफमन नांवाच्या अमेरिकनानें तर बंदुकीचाच मार्ग धरला. काडतूस उडवावें, त्याच्या वायूनें दट्ट्या लोटावा आणि तिरप्या खोबणींनीं त्या लोटण्याचें फिरणें करावें. स्पिटफायर विमानाच्या कांहीं नमुन्यांत हा काडतुसी स्टार्टर होता. त्यांत बॅटरीचें ओझें वांचलें. पण काडतुसें मोजकीं. वाळवंटांत पडलेल्या विमानाच्या अवशेषांतून नवें विमान उभारणाऱ्या माणसांवर १९६५ सालीं एक इंग्रजी चित्रपट निघाला. त्यांतील माणसांपाशीं अशीं सातच काडतुसें असतात, आणि कथेचा सारा जीव त्या सातांत अडकलेला असतो. पहिल्या फेऱ्याची किंमत इतक्या नेमक्या हिशोबानें फार थोड्यांनीं मांडली असेल.

जेट एंजिन आलें आणि पंखा गेला; पण परावलंबन गेलें नाहीं. फ्रँक व्हिटल यानें १२ एप्रिल १९३७ रोजीं इंग्लंडांत रग्बी येथें आपलें पहिलें जेट एंजिन विजेच्या मोटरीनें फिरवून चालूं केलें. तें चाललें, पण थांबेना. इंधनाची झडप बंद केली तरी त्याचा आवाज वाढतच गेला, आणि भोंवतालचे लोक पळाले. मागाहून उमगलें कीं आधींच्या खटपटींत आंत इंधनाचें डबकें सांठलें होतें व तें जळून जाईपर्यंत एंजिन कोणाचें ऐकणार नव्हतें. जर्मनांनीं आपल्या जेट एंजिनाच्या तोंडांतच रीडल नांवाचें फटफटीएवढें चिमुकलें एंजिन बसविलें. आणि गंमत अशी कीं, त्या चिमुकल्यास चालूं करण्यास बाहेर एक दोरीची मूठ ठेवलेली असे. अमेरिकेच्या एस. आर. ७१ ह्या अतिवेगवान विमानास पुष्कळ काळ ज्या गाडीनें पहिला फेरा दिला, तिच्यांत ब्यूइक मोटारीचीं दोन एंजिनें होतीं. हक्सची फोर्ड मोटार अर्ध्या शतकानंतर नव्या वेषांत परत आली!

आजच्या प्रवासी जेट विमानांत शेंपटींतील एका लहान एंजिनाची दाबलेली हवा स्टार्टरचें चाक फिरविते. त्या स्टार्टरच्या आंसास एके ठिकाणीं मुद्दाम बारीक मान ठेवलेली असते. आंत कांहीं अडकलें तर ती मान प्रथम तुटावी आणि मोठें एंजिन वांचावें, ही योजना. कोणती वस्तु मजबूत करावी हें सर्वांस कळतें. कोणती कमजोर ठेवावी हें कळण्यास शहाणपण लागतें. आणि आकाशांत? २४ जून १९८२ रोजीं लंडनहून मुंबईमार्गें निघालेलें ब्रिटिश एअरवेजचें एक जंबो जेट विमान क्वालालंपूरहून पुढें जात असतां जावा बेटावरील गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेंत शिरलें, आणि चारही एंजिनें बंद पडलीं. विमान हजारों फूट खालीं उतरत गेलें, तेव्हां समोरून येणारा वाराच एंजिनांचीं चाकें फिरवीत होता. राख मागें राहिल्यावर एंजिनें पुन्हां धरलीं आणि विमान जकार्तास सुखरूप उतरलें. त्या दिवशीं पहिला फेरा वाऱ्यानें दिला.

तथापि जगांतील असंख्य लहान विमानांत, शिकाऊ वैमानिकांच्या, शेतांवर औषध फवारणाऱ्यांच्या, हौशी लोकांच्या विमानांत, बेंडिक्सच्या मळसूत्राची परंपरा पुढें चालूं राहिली. आणि तेथें रोज कोणाची तरी परीक्षा होते. वैमानिक कळ दाबतो, आणि पंखा हलत नाहीं. अशा वेळीं कुशल मेकॅनिक हत्यारांस हात लावण्यापूर्वीं कान देतो. कारण दोषाचें निम्में निदान आवाजांतच असतें.

मुळींच आवाज नाहीं, अथवा नुसता "कट्" असा आवाज आला, तर दोष बहुधा विजेच्या वाटेंत असतो. बॅटरी उतरलेली असेल, तारेच्या टोंकास हिरवा गंज चढला असेल, अथवा एंजिनास विमानाच्या सांगाड्याशीं जोडणारी पट्टी सैल झाली असेल. अशा वेळीं मोटर उलगडीत बसणें म्हणजे विहिरीचा दोर तुटला असतां विहीर खोल करणें होय. गंज खरवडून, नट आंवळून पुष्कळदां काम भागतें.

मोटर घूं घूं करून मोकळी फिरते आणि पंखा मात्र ढिम्म उभा, तर मोटर निर्दोष आहे. पिनियनच पुढें गेलेलें नाहीं. ह्याचें सर्वांत नेहमींचें कारण म्हणजे आट्यांवरील मळ. आणि तो मळ बहुधा प्रेमानें आलेला असतो! कोणीतरी काळजीनें त्यावर भरपूर तेल अथवा ग्रीस लावतो. त्यांत धूळ बसते. थंडींत तें चिकट होतें, आणि ज्या आट्यांवरून पिनियनानें सैल धांवावयाचें तेथें तें चिखलांत रुतल्यासारखें होतें. येथें औषध वंगणाचें नव्हे, स्वच्छतेचें. भाग सुटा करून धुवावा, कोरडा पुसावा, बोटांनीं पिनियन टोंकापर्यंत सहज जातें व सहज परततें कीं नाहीं हें पाहावें, आणि उत्पादकानें सांगितलें असेल तेवढेंच हलकें वा कोरडें वंगण द्यावें. कांहीं एंजिनांत मळसूत्राऐवजीं आंसावर गुंडाळून आवळणारी स्प्रिंग असते. ती झिजली म्हणजे घसरते. तिला धुवून उपयोग नसतो. ती बदलावीच लागते.

खरखर व करकर असा आवाज आला तर दांते पाहावे. पंख्यामागील मोठ्या चाकाचे दांते सर्व बाजूंनीं सारखे झिजत नाहींत. एंजिन थांबतें तेव्हां दाबलेल्या हवेच्या विरोधामुळें तें दरवेळीं ठराविक जागींच थांबतें. म्हणून पिनियनचा पहिला घाव त्याच थोड्या दांत्यांवर बसतो. तेवढें न पाहतां नुसतें पिनियन नवें बसविलें तर जुने दांते नव्यास थोड्याच दिवसांत खातात.

सर्वांत फसवा दोष चौथा. स्टार्टरचें नाकाडें तडकतें, स्प्रिंग तुटते. मेकॅनिक नवी बसवितो आणि ती पुन्हां तुटते. दोष स्टार्टरमध्यें नसतोच. एंजिन सावकाश फिरत असतां ठिणगी उशिरा पडावी म्हणून मॅग्नेटोस एक स्प्रिंगची जोडणी असते. ती "टक्" करून सुटते तेव्हां जोरदार आणि उशिराची ठिणगी मिळते. ती जोडणी बिघडली कीं ठिणगी आधींच पडते, दट्ट्या वर येण्यापूर्वींच भडका उडतो, एंजिन उलटें फिरूं पाहतें आणि पुढें ढकलणाऱ्या स्टार्टरचें नाक मोडतें. एकेकाळीं हाच उलटा झटका हँडल मारणाऱ्याच्या मनगटावर बसे. शत्रु तोच, फक्त आतां माणसाच्या जागीं लोखंड उभें आहे. जेथें मोडलें तेथेंच दोष आहे असें मानणें, ही दुरुस्तीच्या धंद्यांतली सर्वांत महाग चूक होय.

आणि एंजिन धरल्यावरहि स्टार्टर सुटला नाहीं, तर विचार करण्यास वेळ नसतो. कित्येक विमानांत त्यासाठीं इशाऱ्याचा लहानसा दिवा असतो. तो दिवा विझला नाहीं तर एंजिन तत्काळ बंद करावें, हाच नियम.

ह्या सर्व बारकाव्यांस इतकें महत्त्व कां, हें शेवटीं ध्यानांत येतें. स्टार्टर बिघडलेला आहे, सायंकाळ होत आली आहे, घरीं परतावयाचें आहे, आणि समोर पंखा तर उभाच आहे. अशा वेळीं वैमानिकाच्या मनांत विचार येतो कीं, पूर्वींचे लोक हातानेंच फिरवीत नव्हते काय? खरें, पण पूर्वींच्या लोकांजवळ ठोकळे होते, आंत बसलेला जाणता मनुष्य होता, दोनदां उच्चारलेले शब्द होते आणि रोजचा सराव होता. एकटा मनुष्य खालीं उतरतो, आंत कोणी नाहीं, पेट्रोलची कळ थोडी अधिक उघडी राहिलेली असते. एंजिन धरतें, आणि विमान त्याच्याच अंगावर येतें. अशा अपघातांच्या नोंदी सर्व देशांच्या दप्तरांत आहेत. त्यांचा आरंभ कित्येकदां एखाद्या मळलेल्या आट्यापासून अथवा गंजलेल्या तारेपासून झालेला असतो.

किटी हॉकच्या वाळूवर पंख्यास लागलेला मनुष्याचा हात बाजूस काढण्यास बुद्धिमान माणसांनीं आयुष्यें वेंचलीं. हक्सनें मोटार दिली, केटरिंगनें वीज दिली, बेंडिक्सनें मळसूत्र दिलें. कोणत्यातरी हँगरच्या कोपऱ्यांत बसून रॉकेलच्या डब्यांत एक लहानसें दांतेचक्र धूत असलेला मेकॅनिक त्याच परंपरेंतला शेवटचा पुरुष आहे. त्याचें काम चोख झालें तर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. कळ दाबली जाते, पंखा एकदां डुलतो, एंजिन धरतें, पिनियन निमूटपणें आपल्या घरीं परततें. आणि पंख्याजवळ कोणीहि उभें नसतें.